गर्दी टाळून सारंगखेडा

माझ्या गोदामात वायरीचं एक बंडल आहे. संध्याकाळी नीट गुंडाळून खुंटीला लावावं, तर सकाळी त्याला गाठी पडलेल्या. कोणी पाडल्या ते विचारू नका. किश्शांचंही तसंच आहे. आम्ही चार म्हातारे युसुफभाईच्या दुकानात बसतो, कोणी फारसं कुठे जात नाही, वर्षातून एकदा फटफट्या काढून सारंगखेड्याच्या घोड्यांच्या जत्रेला जातो, तेवढंच. तरी एका गोष्टीत दुसरी अडकते. एक ओढायला जावं तर सगळं बंडल अंगावर येतं.

येऊ द्या. ओढतोच.

* * *

आधी मंडळी सांगतो, नाहीतर मध्येच विचाराल हा कोण.

मी मंडप-लाऊडस्पीकरवाला. सातवीत मी शाळा सोडली की शाळेने मला सोडलं, यावर गुरुजींचं आणि माझं शेवटपर्यंत एकमत झालं नाही. नंदुरबारात मला भोंगा म्हणतात. सभा असो, लग्न असो, गर्दी किती होणार आणि कधी होणार हे लोक मलाच विचारतात. पत्रिकेवर काहीही वेळ छापा, खरी वेळ माझ्याकडे.

युसुफभाई गाड्यांची सीट कव्हरं शिवतो. त्याचा बाप घोड्यांची खोगिरं शिवायचा. "बैठनेवाला वही है, नीचे का जनावर बदल गया," असं तो म्हणतो. दुकान मिरच्या वाळत घालतात त्या पथारीकडे जाणाऱ्या रस्त्यावर. हिवाळ्यात तिथे बसून कोणी शिंकलं तर सर्दी झाली का असं आम्ही विचारत नाही.

तुकारामनाना एसटीचा रिटायर कंडक्टर. रिटायर झाला, पण घंटी सुटली नाही. माझ्या फटफटीवर मागे बसला की पाठीवर बोटाने टकटक करतो. दोनदा टकटक म्हणजे जाऊ द्या. एकदा टकटक म्हणजे थांबा. मी एकदा बायकोला मागे बसवून चाललो होतो, तिने सहज पाठीवरची माशी मारली, मी भर चौकात करकचून ब्रेक लावला. त्या दिवसापासून ती रिक्षाने जाते.

आणि चौथा अंबूभाऊ. अंबालाल पाटील, कोरीटचा. केळी आणि कापूस. बोलायला गोड, पण एकदा नाही म्हटलं की त्याचं हो करायला ट्रॅक्टर लावावा लागतो. मागे कोणाला बसवत नाही, आणि रस्त्यावर कोणाला पुढे जाऊ देत नाही. हे दुसरं लक्षात ठेवा. पुढे कामाला येईल.

या अंबूभाऊला एक थोरला भाऊ, दशरथआबा. तापीकाठी राहायचा, सारंगखेड्याच्या पुलाच्या अलीकडच्या गावात. नाक दोघांचं एक, चाल एक, डोकं तर एकच. आणि दोघांचं बोलणं बंद.

* * *

बंद कसं झालं ते ऐका.

दशरथआबाच्या धाकट्या मुलीचं लग्न ठरलं. आमच्याकडे घरच्या माणसाला पत्रिका द्यायची तर घरी जायचं, पाटावर बसायचं, कुंकू लावून हातात ठेवायची. दशरथआबाची धावपळ चाललेली. नाना तेव्हा त्या बाजूच्या गाडीवर होता. आबाने खिडकीतून पत्रिका दिली आणि सांगितलं, कोरीट फाट्यावर टाकून दे.

फाट्यावर नेमका अंबूभाऊच उभा. नानाने दारातून हात लांब केला, "अंबूभाऊ, धर," म्हणाला आणि दोनदा घंटी वाजवली. गाडी गेली. अंबूभाऊ हातात पत्रिका घेऊन धुराळ्यात.

लग्नाला तो गेला नाही. विचारलं तर एवढंच म्हणाला, "पत्रिका उनी, भाऊ उना नही." पत्रिका आली, भाऊ आला नाही.

हे आबाच्या कानावर गेलं. आबा म्हणाला, "घरना माणूसले काय पत्रिका लागस का? धाडी तेच जास्ती व्हयनं."

आता तुम्हीच सांगा, यात खोटं कोण बोललं? दोघंही खरं बोलले, म्हणून तर एवढं टिकलं. एकाचं खोटं असतं तर एखाद्या दिवाळीला मिटलं असतं.

नाना बिचारा अजून म्हणतो, "मी फक्त घंटी दिन्ही."

मी म्हणतो, "नाना, तू तिकीट फाडलं असतंस तर पत्रिकेला निदान मान राहिला असता."

तो हसत नाही. बाकी कशावरही हसतो.

* * *

युसुफभाईचा उद्योग सांगायचा राहिला.

अंबूभाऊच्या फटफटीचं सीट फाटलं. त्याने सांगितलं, काळं, साधं. युसुफभाईकडे माझ्या मंडपातल्या नवरदेवाच्या खुर्चीचं उरलेलं कापड होतं, डाळिंबी रंगाचं, वर ताटाएवढी पिवळी फुलं. तेच लावलं.

अंबूभाऊ घ्यायला आला आणि गाडीभोवती एक फेरी मारली. "हाई काय? मी नवरदेव शे का?"

"अंबूभाऊ, बैठने के बाद दिखता किसको है?"

बसल्यावर खरंच दिसेना. अंबूभाऊ निघून गेला. पण चार दिवसांनी युसुफभाई त्याच फुलांचं दुसरं सीट ठोकत बसलेला. मी विचारलं, हे कोणाचं?

"दशरथआबा का. गाडी रखके गया बेचारा, बोला काळा, साधा."

"मग?"

"कपडा बचा था," म्हणाला, आणि तोंडातले खिळे सांभाळत दुसरीकडे बघायला लागला.

* * *

आमच्याकडे भांडणापेक्षा भांडण मिटवणं अवघड. कोणाच्या उंबऱ्यावर कोणी आधी जायचं? जो जाईल तो वाकला. पण जत्रेतलं भेटणं धरत नाहीत. तिथे कोणी कोणाकडे आलेलं नसतं, दोघंही देवाला आलेले. गर्दीने ढकललं, खांद्याला खांदा लागला, "कधी उना?", "आत्तेच," एवढं झालं की गोडी शेव घ्यायची आणि एका कागदातून खायची. मिटलं. कोणी वाकला नाही, गर्दीने वाकवलं.

अंबूभाऊला हे चांगलं ठाऊक. म्हणून तर दरवर्षी मार्गशीर्ष लागला की मला म्हणायचा, "भोंगा, गर्दी ऱ्हावाव नही अशी येळ सांग."

कारण विचारलं तर धूळ. कधी पाकीटमार. एकदा म्हणाला, घोडा लाथ मारतो.

पण न जाण्याचं नाव नाही. जायचं तर होतंच.

मग आम्ही तिघांनी ठरवलं, याला गर्दीचीच वेळ सांगायची. मुख्य दिवस, दुपार. त्या वेळी जत्रेत नारळ वर फेकला तर खाली पडायला जागा मिळत नाही. मी गंभीर चेहरा करून सांगितलं, "भर दुपारी ये. समदा लोके जेवाले जातस. मैदान मोकळं."

त्याने विश्वास ठेवला. माझ्या गंभीर चेहऱ्यावर विश्वास ठेवणारा जिल्ह्यात तो एकटाच उरला होता.

त्याच दिवशी वाटेवरच्या एका गावात कोणा पुढाऱ्याची सभा होती आणि त्याआधी मोटारसायकल रॅली. म्हटलं, हरकत नाही. रॅलीची वेळ सकाळची छापली आहे म्हणजे ती जेवणानंतर निघेल. आपण आधीच सटकू. माझा आयुष्यभराचा अनुभव आहे.

माझ्या आयुष्यात वेळेवर निघालेली ती एकच रॅली.

गाव सोडलं नाही तोच मागून हॉर्न, झेंडे, घोषणा. मी गाडी बाजूला घेतली, म्हटलं जाऊ द्या त्यांना. नाना म्हणाला, जाऊ द्या. युसुफभाईने मोपेड तर पार कपाशीत घातली. पण अंबूभाऊ? तो कोणाला पुढे जाऊ देतो का? मधोमध चाललाय, आपल्या चालीने. डावीकडून कोणी आलं की डावीकडे, उजवीकडून आलं की उजवीकडे. अख्खी रॅली त्याच्या मागे.

पहिल्या गावात ढोल लावून लोक उभे. त्यांनी बघितलं, सगळ्यांच्या पुढे पांढरी टोपी, वजनदार माणूस. घातला हार. बायांनी ओवाळलं. दुसऱ्या गावात अंबूभाऊ स्वतःच हात जोडायला लागला. तिसऱ्या गावात तर त्याने एका म्हातारीची तब्येत विचारली.

सभेत त्याला उचलून स्टेजवर बसवलं. माइकवरचा बाबा म्हणाला, "आमचे ज्येष्ठ मार्गदर्शक, कोरीटचे अंबालालभाऊ." खाली मी आणि नाना टाळ्या वाजवत होतो. उतरू कसा देतील? ज्येष्ठ मार्गदर्शक मध्येच उठून जातो का?

सुटलो तेव्हा ऊन उतरलं होतं. जत्रेतून माणसं परतायला लागलेली. पुलाच्या अलीकडे, आबाच्या गावच्या फाट्यावर, अंबूभाऊने गाडी थांबवली. हार अजून गळ्यात.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नही. प्लग गरम व्हई गया."

प्लग थंड होईपर्यंत आम्ही उभे राहिलो. त्या रस्त्यावरून कोणी आलं नाही.

दुसऱ्या दिवशी कोरीटला त्याच्या दारात एक माणूस जावयाच्या बदलीसाठी हजर. अंबूभाऊ काय बोलणार? "पाहू," म्हणाला. पुढच्या महिन्यात ती बदली झाली.

* * *

त्यानंतरच्या साली त्याने मला विचारलंच नाही. जत्रा भरायच्या आधीच, नुसते खांब गाडायला लागले होते तेव्हा, युसुफभाईला घेऊन गेला. युसुफभाईला खोगिरांच्या गाद्या पोचवायच्या होत्या. पुढचं त्याच्याच तोंडचं.

मैदानात कोणी नाही. घोडे उतरले नव्हते. पाळणेवाल्याचं एक चाक आडवं पडलेलं. एकच चहाची टपरी लागलेली, तिच्यासमोर बाक. दोघं गेले तर चहावाली बाई अंबूभाऊकडे बघतच राहिली.

"बाबा, परत उनात का? आत्तेच ते गयात ना."

"मी?" अंबूभाऊ म्हणाला. "मी तर आत्ते यी ऱ्हायनू."

"मंग ते दुसरा व्हतीन. असाच बठेल व्हतात. गर्दी व्हवाना पह्यले जत्रा दखी लेऊ, म्हनेत. नाक बी तुमनासारखंच."

अंबूभाऊने नाकाला हात लावला. "हाई नाक आमना पट्टामां समदासनं शे," म्हणाला.

बाकावर बशी होती. बशीत अर्धा चहा, अजून वाफ असलेला. बाई उचलायला आली तर अंबूभाऊ म्हणाला राहू दे. आणि सगळा बाक मोकळा असताना त्या बशीला लागून बसला.

युसुफभाई म्हणतो, "मैं बोला, अंबूभाऊ, अभी निकला है, गाडी मारू क्या? आगे पकड लेंगे."

"आणि?"

"बोला, रस्त्यावर पकडलं तर ते भेटणं धरतील."

* * *

मग मी म्हटलं, आता भोंग्याचं काम भोंग्यानेच करावं.

जत्रेत हरवले-सापडलेचा मंडप असतो. तिथला ॲम्प्लिफायर माझा होता आणि माइकवर बसणारा माझ्याकडेच शिकलेला. आम्ही अंबूभाऊला फसवून पुन्हा गर्दीच्या दिवशी नेलं. तो नानाबरोबर भजी खात उभा. आबा जत्रेत आलाय हे युसुफभाईने सीटवरून ओळखलं होतं. गाड्यांच्या रांगेत ताटाएवढी पिवळी फुलं. पण माणूस त्या समुद्रात शोधायचा कसा?

मी माइक घेतला. "कोरीटचे अंबालाल पाटील, अंगात पांढरा सदरा, नाकावरून ओळखू येतील, हे हरवले असून मंडपात रडत बसले आहेत. त्यांचे थोरले बंधू दशरथ पाटील जिथे असतील तिथून त्यांनी येऊन ताब्यात घ्यावे."

भज्याचा कागद हातात घेऊनच अंबूभाऊ मंडपात घुसला. काय काय बोलला ते लिहिता येणार नाही. चांगलं भरपूर बोलला. आणि मग, गंमत बघा, निघून गेला नाही. सतरंजीवर बसला. शेजारी दोन खरोखर हरवलेल्या आजीबाई होत्या, त्यांना भजी दिली.

थोड्या वेळाने गर्दीतून एक पागोटेवाला आला. "अंबालाल पाटील कोन शे?"

आम्ही बोट दाखवलं.

"दशरथआबाना निरोप शे. सापडना व्हई ते एसटीमां बसाडी द्या."

सापडला असेल तर एसटीत बसवून द्या! मी खुर्चीवरून पडलो. माइक चालू होता, माझं हसणं सगळ्या जत्रेने ऐकलं. युसुफभाईने तोंडात रुमाल कोंबला. नाना तेवढा खाली बघत राहिला. आणि अंबूभाऊ? अंबूभाऊ सगळ्यांत जोरात हसला. एवढा हसला की आजीबाई घाबरल्या. मग उपरण्याने डोळे पुसून म्हणाला, "कितली धूळ शे हो अठे."

चला म्हटलं, आता जाऊ. तर उठेना.

"भोंगानी सांगं शे ना, ताब्यात घेतीन म्हनून. बठस मी."

मी दोनदा पुन्हा पुकारलं. साधं, थट्टा न करता. आजीबाईंची माणसं आली, त्या गेल्या. आणखी कोणी हरवलं, सापडलं. दिवे लागायच्या वेळेला आम्ही गाड्या लावल्या होत्या तिथे गेलो. फुलांचं एकच सीट उरलं होतं.

* * *

मध्ये एक छोटा सांगतो. मौत का कुवा माहीत असेल, लाकडी विहिरीच्या भिंतीवर माणूस मोटारसायकल गरगर फिरवतो तो. तिथला गाडीवाला युसुफभाईकडे सीट शिवायला आला. अंबूभाऊने त्याला विचारलं, भीती वाटत नाही?

"कुवे में काहे का डर, चाचा? डर तो आपके पूल पे लगता है."

"का?"

"कुवे में सामने से कोई नहीं आता."

अंबूभाऊने त्याला चहा पाजला. दुसरा मागवला, तोही पाजला.

* * *

गेल्या सालच्या आदल्या साली मी हात टेकले. म्हटलं, वर्षानुवर्षं खोटी वेळ सांगून काही झालं नाही, आता खरी सांगावी. अंबूभाऊला म्हटलं, "जत्रा उठायला दोन दिवस असताना सकाळी जा. तेव्हा खरंच कोणी नसतं. नानाची शपथ."

"मन्ही कसाले?" नाना म्हणाला.

निघालो. दोंडाईचाच्या बाजूने, थंडी मरणाची. रस्ता मोकळा, ऊसवाले ट्रक तेवढे. माझ्या अंदाजावर मीच खूश. आणि पुलावर चढलो तर उसाचा एक ट्रक मधोमध बसलेला. आस तुटलेला. इकडून जाणारे, तिकडून येणारे, सगळे एका गाडीच्या जागेतून घुसायला बघतायत. मिनिटात असं गच्च झालं की पाय खाली टेकायला जागा नाही. मुख्य दिवशी नव्हती एवढी गर्दी त्या पुलावर.

पुढे अंबूभाऊ, मागे मी आणि नाना, त्यामागे युसुफभाई.

आणि समोरून, हँडलला हँडल लागून, दशरथआबा.

तोही गर्दी टाळायला भल्या पहाटे जाऊन परत निघाला होता. वाळला होता. कानाला मफलर, टाकीवर पिशवी, खाली तीच पिवळी फुलं. दोघांची हँडलं अशी अडकली होती की एकाच्या ब्रेकमध्ये दुसऱ्याचा क्लच. मागे सरकायला जागा नाही, पुढे तर भाऊच.

दोघंही एकमेकांच्या तोंडाकडे बघेनात. आबा नदीकडे, अंबूभाऊ ट्रकाकडे. अंबूभाऊचं इंजिन चालूच. घाबरला की तो ॲक्सिलरेटर पिळतो. उगाच घुर्र, घुर्र, घुर्र.

आबाने थोडा वेळ ते ऐकलं. मग हात पुढे केला आणि अंबूभाऊच्या गाडीची चावी फिरवून बंद केली. पेट्रोल वाया जातं म्हणून थोरला भाऊ करतो तशी. चावी फिरवली, पण हात उचलला नाही. टाकीवर तसाच राहिला.

एवढं शांत झालं की पुलाखाली पाणी ऐकू आलं.

मागून युसुफभाई पुटपुटला, "बोल ना. कोई तो बोलो."

तेवढ्यात पुढे लोकांनी ट्रक ढकलला, वाट झाली. मागचे हॉर्न बडवायला लागले. आबाच्या मागच्याने आबाला लोटलं, हँडलं सुटली. माझ्या पाठीवर दोनदा टकटक झालं. नानाचा हात, जन्माची सवय. माझाही पाय आपोआप गिअरवर. आम्ही निघालो, गर्दी निघाली, आबा आमच्या बाजूने उलट दिशेला गेला.

वळून बघितलं तर अंबूभाऊ कठड्याला लागून किक मारतोय. मारतोच आहे. चावी बंद आहे हे त्याच्या ध्यानातच नाही.

पुलापलीकडे आम्ही थांबलो. बऱ्याच वेळाने तो आला. नानाला विचारलं, "नाना, पूल जत्रामां धरतस का?"

नाना आपली बोटं दुसऱ्या हातात धरून उभा होता. युसुफभाई म्हणाला, "पाळणा तो दिखता है वहां से."

अंबूभाऊने मागे वळून बघितलं, पाळणा दिसतो का ते. मग माझ्याकडे आला.

"पुढला साल भर गर्दीमां येसूत, भोंगा. खरी येळ सांगजो."

* * *

पोळ्याच्या आधी दशरथआबा गेले.

पुतण्याकडे काकाचा फोन नंबर नव्हता. नानाचा होता. नानाला गाडी चालवता येत नाही, आणि हे फोनवर सांगायचं नाही असं त्याने स्वतःच ठरवलं. स्टँडवर जाऊन एसटीत बसला. निरोप याही वेळी एसटीनेच गेला, पण या वेळी नाना कोरीट फाट्यावर खाली उतरला. घरापर्यंत चालत गेला. पाटावर बसला.

अंबूभाऊ भावाच्या दारात गेला. उंबरा आधी कोणी ओलांडला हे विचारायला तिथे कोणी नव्हतं.

मार्गशीर्ष लागला तसा तो दुकानात आला. युसुफभाई म्हणाला, सीट फाटलंय, काळं, साधं लावून देतो. नको म्हणाला. माझ्याकडे बघितलं. मी सांगितलं, "मुख्य दिवस. भर दुपार." या वेळी माझा चेहरा कसा होता मला माहीत नाही.

गेलो. नारळ खाली पडणार नाही अशी गर्दी. पुलाच्या मध्यावर, तो ट्रक बसला होता त्या जागेला, अंबूभाऊने गाडी उभी केली. चावी बंद केली. हात टाकीवर ठेवला.

मागे हॉर्न सुरू झाले. रिक्षा, ट्रॅक्टर, घोडे घेऊन निघालेले लोक. समोरून येणारेही अडकायला लागले. पोलिसाची शिट्टी. कोणी ओरडलं, म्हातारा मेला का गाडीवर?

मी म्हटलं, "अंबूभाऊ, चाल. मागे लई गर्दी व्हयनी."

समोरून येणाऱ्या गाड्यांकडे बघत तो म्हणाला, "थांब भो. व्हऊ दे."

माझा पाय गिअरवर होता. मागून नानाने पाठीवर टकटक केलं.

एकदाच.